अंगात आलेलीचं ऐकून तर घ्या

आपल्याकडं मराठवाड्यात एखाद्या बाईच्या अंगात आलं की गावात लगेच पार्ट्या पडतात. एक पार्टी हळदकुंकू, लिंबू घेऊन पाया पडायला पुढं सरते. दुसरी म्हणते ढोंग करायलीय, दोन ठेवून द्या, गप बसंल. आणि आता शिकलेल्यांची तिसरी पार्टी पण आलीय, ती म्हणते हा आजार आहे, नेऊन गोळी चालू करा, विषय संपला. तिघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही पण एका बाबतीत तिघं सारखेच, ती बाई त्या अर्ध्या तासात काय बोलली ते कुणीच धड ऐकलेलं नसतं. एरवी ज्या थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही त्याला अरे-तुरे करून समोर का बसवलं, जावेचं नाव घेऊन का घुमली, मागं गेलेल्या लेकीसाठी साडीचोळी का मागितली, हे सगळं तिथंच राहतं, सकाळी बाई उठून भाकरी थापायला लागते आणि गाव पुढच्या अमावस्येची वाट बघतं.

माझं म्हणणं सरळ आहे. हे ऐकणं शिकता येतं आणि ते शिकवणारं एक शास्त्र आहे, कार्ल युंगचं विश्लेषणात्मक मानसशास्त्र, मनाच्या तळाशी जाणाऱ्या मानसशास्त्राची एक शाखा. त्यातल्या पाच-सहा मूळ कल्पना आपल्या आशाताईंना, मास्तरांना, हवालदाराला आणि अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या पोरापोरींना माहीत असायलाच पाहिजेत, आणि त्या इंग्रजी पुस्तकातल्या भाषेत नाही तर आपल्या गावातल्या गोष्टींवरून सांगितलेल्या असायला पाहिजेत. पुण्या-मुंबईत तासाला दोन-तीन हजार देऊन सोफ्यावर बसणाऱ्यांचंच हे शास्त्र आहे असा जो समज झालाय तो मला मान्य नाही.

युंगची सुरुवातच मुळी अशा अंगात येणाऱ्या पोरीपासून झाली हे फार कमी लोकांना माहितीय. १८७५ साली स्वित्झर्लंडमधल्या केसविल गावी जन्मलेला हा माणूस, बाप चर्चमधला पाद्री. मेडिकलला असताना त्याच्या नात्यातली एक पंधरा-सोळा वर्षांची पोरगी, त्याची मामेबहीणच, तिच्या अंगात मेलेली माणसं यायची. घरातले लोक टेबलाभोवती बसायचे आणि ही बोलायला लागायची. एरवी लाजरीबुजरी, बासेलच्या साध्या बोलीत बोलणारी, आणि अंगात आलं की एकदम शुद्ध, भारदस्त जर्मन भाषा, वयानं मोठ्या, शहाण्या बाईसारखा आवाज. युंग ते सगळं लिहून ठेवत गेला. पुढं एकदा ती काहीतरी हातचलाखी करताना त्याला सापडली पण! आता आपल्याकडं काय झालं असतं? ढोंग उघडं पडलं, टाळ्या, फोटो, बातमी, संपलं. त्यानं बैठका बंद केल्या पण प्रश्न बंद केला नाही. १९०२ साली डॉक्टरकीचा प्रबंध त्यानं ह्याच विषयावर लिहिला आणि त्यात असं मांडलं की त्या ट्रान्समध्ये बोलणारी ती मोठी बाई म्हणजे कुठलं भूत नाही आणि निव्वळ खोटेपणा पण नाही, त्या पोरीला पुढं जाऊन जे व्हायचं होतं आणि घरात जे व्हायला जागाच मिळत नव्हती, ते त्या रूपानं बाहेर यायची धडपड करत होतं. ही एक गोष्ट जरी आपण नीट समजून घेतली ना तरी निम्मं काम झालं. भूत खोटं असू शकतं, चलाखी पण पकडली जाऊ शकते, आणि तरी त्याच्या मागचं दुखणं शंभर टक्के खरं असू शकतं.

त्यानंतर तो झुरिकच्या बुर्गहोल्झली नावाच्या मनोरुग्णालयात लागला, ऑयगेन ब्लॉयलर हे तिथले मुख्य. तिथं त्यानं शब्दांची चाचणी घ्यायला सुरुवात केली. शंभर शब्दांची यादी, एक एक शब्द म्हणायचा, समोरच्यानं डोक्यात येईल तो पहिला शब्द बोलायचा, आणि हातात स्टॉपवॉच. माणूस बहुतेक शब्दांना झटक्यात उत्तर देतो आणि मधेच एखाद्या साध्या शब्दाला अडखळतो, हसतो, शब्द परत विचारतो, नाहीतर भलतंच काही बोलतो. जिथं अडखळला तिथं खाली काहीतरी आहे. त्या खालच्या गाठीला आपण मराठीत गंड म्हणतो. न्यूनगंड तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे पण गंड म्हणजे फक्त कमीपणा वाटणं नाही. एखाद्या दुखऱ्या अनुभवाभोवती आठवणी, भावना, भीती, राग असं सगळं जमा होत जातं आणि त्याचा एक वेगळाच संसार आत चालू होतो, आपल्या परवानगीशिवाय. मला नेहमी वाटतं ही यादी आपल्याकडं करायची तर त्यात कुठले शब्द असतील. पाणी, सोसायटी, जप्ती, पंचनामा, सोयाबीन, हुंडा, जावई, विहीर. शेवटच्या शब्दाला किती जणी थबकतील याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो, कारण आपल्याकडं विहिरीतून फक्त पाणीच काढलेलं नाहीये.

१९३४ साली युंगनं गंडांवर लिहिताना एक फार मोलाची गोष्ट सांगितली, लोकांना माहीत असतं की माणसाला गंड असतात, पण गंडच माणसाला धरून ठेवू शकतो हे माहीत नसतं. आता आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज आहे का? आपल्याकडं धरलंय, झपाटलंय, वारं आलंय, असंच बोलतात. फरक एवढाच की आपण धरणाऱ्याला बाहेर शोधतो, पिंपळावर, शेजारणीच्या नजरेत, भाऊबंदांनी केलेल्या करणीत. आणि हे शास्त्र म्हणतं, जरा घरात बघा, मनात बघा.

भानामतीचंच घ्या. लातूर, नांदेड, धाराशिवकडच्या लोकांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. घडी घातलेले कपडे आपोआप पेटतात, घरावर दगड येतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, जेवणात घाण निघते, बाया कुत्र्यासारख्या भुंकायला लागतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या आणि तशाच इतर संघटनांच्या कार्यकर्त्यांनी ह्यात जे काम केलंय ते फार मोठं आहे आणि त्यांची पद्धत मला ह्या शास्त्राच्या एकदम जवळची वाटते, त्यांनी युंग वाचला असेल नसेल. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं, निवांत बोलायचं, हे कोण करतंय ते शोधायचं, त्याला विश्वासात घ्यायचं, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याचं नाव गावात फोडायचं नाही. का नाही फोडायचं? कारण बहुतेक वेळा करणारं माणूस म्हणजे त्या घरातलं सगळ्यात दाबलेलं माणूस निघतं, सून, नाहीतर लग्न ठरवलेली पोरगी, नाहीतर शाळा सोडायला लावलेलं पोरगं. त्याला तोंड उघडून बोलायला जागा नाही म्हणून कपडे पेटतायत. कधीकधी तर त्या माणसाला स्वतःला पण नीट उमगलेलं नसतं की आपण हे का करतोय. दगड बंद झाले म्हणजे भानामती गेली हे खरं, पण ती पोरगी तिथंच आहे, तिचं काय, हा पुढचा प्रश्न आणि तिथं आपली व्यवस्था संपते.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा पाहिजेच होता, भूत काढायच्या नावाखाली साखळीनं बांधणं, चटके देणं, मारणं, मूत पाजणं हे सगळं गुन्हा ठरलं, ह्यात एक शब्द मागं घ्यायचं कारण नाही. पण कायदा मांत्रिकाला उचलतो, बाईला नाही ऐकत. ते कायद्याचं कामच नाही. ते आपलं काम आहे आणि आपण ते शिकलेलो नाही.

आता युंगची पुढची कल्पना, मुखवटा. चार लोकात वावरताना माणूस जो चेहरा लावतो तो, आणि तो लागतोच, बिनमुखवट्याचा माणूस घराबाहेर पडूच शकणार नाही. घोळ तेव्हा होतो जेव्हा माणसाला वाटायला लागतं की हा मुखवटा म्हणजेच मी. आपल्याकडं घरातल्या कर्त्या माणसाचा मुखवटा फार जड असतो राव. दोन वर्षं पीक गेलंय, बँकेची नोटीस आलीय आणि तरी पोरीच्या लग्नात हजार माणसांची पंगत उठली पाहिजे, कारण लोक काय म्हणतील. त्या माणसाला रात्री झोप नाही, छातीत धडधड होते, पण भ्या वाटायलंय हे तो बायकोला सांगणार नाही, भावाला तर नाहीच नाही. शेतकरी आत्महत्येच्या बातमीनंतर गावातले लोक हमखास म्हणतात, काल तर हॉटेलात चहा प्यायला होता, हसून बोलला. हो, मुखवटा हसला. मी असं म्हणत नाही की माणूस मुखवट्यानं मरतो. तो कर्जानं, पावसानं, पडलेल्या बाजारभावानं मरतो, आणि ह्या कारणांवर जे सरकार काम करत नाही त्याला मानसशास्त्राची पट्टी बांधून सुटका द्यायची नाही. पण कर्ज असलेल्या दोन माणसांपैकी एकाला कुणाजवळ तरी रडता आलं आणि दुसऱ्याला नाही आलं, हा फरक जीवघेणा असू शकतो एवढंच सांगायचंय.

लातूरला जा, तिथं हा मुखवटा सतरा वर्षांच्या पोरांना पण चढवलेला दिसतो. बीड, नांदेड, परभणी, धाराशिव, कुठून कुठून पोरं येतात, खोली, मेस, क्लास, टेस्ट, रँक. लातूर पॅटर्नचं कौतुक मला पण आहे, मराठवाड्यातल्या साध्या घरातली किती पोरं त्यानं डॉक्टर झाली. पण युंगनं एक वाक्य लिहिलंय ते क्लासच्या फळ्यावर लिहावं असं आहे, आईबापांनी जे आयुष्य जगायचं ठेवून दिलं त्याचा लेकरांवर जेवढा परिणाम होतो तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही. बापाला कंपाउंडरच्या पुढं जाता आलं नाही, आईची बारावीतच शाळा सुटली, आणि ते सगळं न जगलेलं आयुष्य एका पोराच्या पाठीवर बॅगेसारखं टाकलेलं असतं. मेडिकलच्या नीट परीक्षेत मार्क कमी पडले की त्या पोराला वाटतं आपण फक्त परीक्षेत नाही, आईबापाच्या अख्ख्या आयुष्यात नापास झालो. होस्टेलच्या वॉर्डनला, क्लासवाल्यांना आणि खरं तर आधी आईबापांना हे सांगणारं कुणीतरी ॲडमिशनच्या दिवशीच पाहिजे, रिझल्टच्या दिवशी नाही.

पण ह्या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती सावलीची कल्पना, आणि तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मराठवाड्याचा हा दुखरा भाग आहे. माणूस लहानपणापासून स्वतःतल्या ज्या ज्या गोष्टी चालत नाहीत त्या आत ढकलत जातो. राग, हेवा, वासना, भित्रेपणा, कधीकधी चांगल्या गोष्टी पण, एखाद्या पोराचं नाचणं, एखाद्या पोरीची हुशारी. हे सगळं नाहीसं होत नाही, ते पाठीमागं सावलीत साठत राहतं. आणि मग ते आपल्यात नाहीच असं आपण इतकं पक्कं धरतो की ते दुसऱ्यात दिसायला लागतं. ह्याला प्रक्षेपण म्हणतात. नवरा गेला की बाईला पांढऱ्या पायाची म्हणतात ते दुसरं काय आहे? घरातल्या सगळ्यांना आतून माहितीय की आपण त्याचं ऐकलं नाही, भावानं वाटणी अडवली, बापानं टोमणे मारले, पाहुण्यांनी उसने पैसे बुडवले, आणि ही टोचणी कुणालाच सोसत नाही, म्हणून सगळी उचलून त्या एकटीच्या अंगावर टाकायची. तिच्या पायगुणानं गेला म्हटलं की बाकी सगळे मोकळे.

हेच गावाच्या पातळीवर होतं तेव्हा ते फार भयंकर असतं. १९७८ साली विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि त्यानंतर आपल्याच गावागावात दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. ज्यांनी ते केलं ते काही कुठून बाहेरून आलेले राक्षस नव्हते, रोज एकमेकाच्या रानात कामाला जाणारी, एकमेकाची नावं माहीत असणारी माणसं होती. विद्यापीठाचं नाव बदलल्यानं कुणाचं एक गुंठा रान जाणार नव्हतं, मग एवढा राग आला कुठून? आपणच वर राहणार ही जी घमेंड आणि तिच्याखाली ती जाईल ही जी भीती, ती कबूल करायची हिंमत नाही म्हणून समोरचा माजलाय असं म्हणायचं. युंगनं १९३६ साली जर्मनीबद्दल लिहिताना असंच म्हटलं होतं की एक जुना सुप्त देव जागा झाल्यासारखं अख्खं राष्ट्रच्या राष्ट्र झपाटलंय. अंगात फक्त बाईच्याच येत नाही, जमावाच्या पण येतं, आणि जमावाच्या अंगात आलेलं उतरायला वीस-वीस वर्षं लागतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत आरक्षणाच्या प्रश्नावरून जे वातावरण झालंय ते बघून मला परत तीच भीती वाटते. एका बाकावर शिकलेली माणसं दुकानाच्या पाटीवरचं आडनाव बघून सामान घ्यायचं की नाही ठरवायला लागली, लग्नपत्रिका द्यायच्या बंद झाल्या. मागणी कुणाची बरोबर हा वेगळा विषय आहे, तो आकड्यांनी आणि कोर्टात सुटंल. पण शेती परवडत नाही, पोराला नोकरी नाही, त्याचं लग्न जमत नाही, ही जी पोळणारी हतबलता आहे ती दोन्हीकडं सारखीच आहे आणि दोन्हीकडचा माणूस ती स्वतःच्या घरात बघायला तयार नाही, त्याला ती समोरच्या जातीच्या कटात दिसते. व्हॉट्सॲपवर दुसऱ्या जातीबद्दलचा मेसेज पुढं ढकलताना जी एक मजा येते ना, तिथं थांबून स्वतःला विचारायचं, ह्यातलं माझं काय आहे.

इथंच एक इशारा द्यायला पाहिजे कारण ह्या कल्पनेचा गैरवापर फार सोपा आहे. सावली सगळ्यांनाच असते म्हणजे सगळे सारखेच दोषी असा अर्थ होत नाही. ज्याचं घर जाळलं आणि ज्यानं जाळलं, दोघांच्या मनात अंधार आहे म्हणून हिशोब फिटला, असलं बोलणं मला घाणेरडं वाटतं. नेणिवेतून, म्हणजे मनाच्या आपल्याला न कळणाऱ्या भागातून, झालं हे कोर्टातलं उत्तर असू शकत नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा पाहिजे, शिक्षा पण व्हायला पाहिजे. मानसशास्त्राचं काम त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर आहे.

सामूहिक नेणीव ही युंगची सगळ्यात गाजलेली आणि सगळ्यात चुकीची समजली गेलेली कल्पना. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड, त्याच्याशी युंगची भेट १९०७ ला झाली आणि १९१३ पर्यंत सगळं संपलं, त्यात हे पण एक मोठं कारण होतं. फ्रॉइडच्या हिशोबानं नेणिवेत मुख्यतः आपण दाबलेलं असतं, युंग म्हणाला त्याच्याही खाली एक थर आहे जो आपण जमवलेला नाही, माणूस म्हणून जन्मलो म्हणून मिळालेला आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर ह्या जुन्या गावच्या पांढरीत खणलं की आजच्या घरांच्या खाली सातवाहनांच्या काळातल्या विटा लागतात, तिथं राहणाऱ्याला त्या दिसत नाहीत पण घर उभं त्याच्यावरच आहे, तसं काहीसं. ह्या थरात तयार चित्रं नसतात, चित्रं घडवायचे कल असतात, त्यांनाच आदिबंध म्हणतात. आई हा त्यातला सगळ्यात मोठा. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, अंबाजोगाईची योगेश्वरी, येरमाळ्याची येडाई, आणि गावाच्या कडेला बसलेली मरीआई, जी पटकी आणते आणि तिलाच आई म्हणून निवद दाखवायचा. पोसणारी आणि गिळणारी आई एकच, हे १९३८ च्या लेखात कालीचं उदाहरण देऊन युंग सांगत होता, आपल्याकडं म्हातारी माणसं ते देव्हाऱ्यासमोर बसून जगतच होती.

पण लोक काय करतात, कुठल्याही सगळ्यांना मिळून आठवणाऱ्या गोष्टीला सामूहिक नेणीव म्हणून टाकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, अनंत चतुर्दशीची रात्र होती, हजारो माणसं गेली. त्या भागातली जुनी माणसं अजून पण गणपती विसर्जनाला अस्वस्थ होत असतील तर ती सामूहिक आठवण आहे, जखम आहे, सामूहिक नेणीव नाही. त्या जखमेवर गाव म्हणून बोलणं लागतं, उपचार लागतात. त्या रात्रीनंतर धरणी कोपली, आई कोपली असं जे मनात आलं, तिथं मात्र आदिबंध बोलला. दोन्ही वेगळं धरलं नाही तर उपचार चुकतो म्हणून हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. पुरुषातली बाई आणि बाईतला पुरुष ही जी त्याची आणखी एक कल्पना आहे तिच्यात मला फारसा दम वाटत नाही, त्याच्या काळातल्या बायकांबद्दलच्या ठोकळेबाज समजुती त्यात जशाच्या तशा भरल्यात.

आणि युंगला देव करायची तर अजिबात गरज नाही. १९३३ साली नाझी सत्ता आल्यावर जर्मनीत मुख्य ठाण असलेल्या मानसोपचार संस्थेचं अध्यक्षपद त्यानं घेतलं, १९३४ ला ज्यू आणि आर्य नेणिवेत फरक आहे असं लिहिलं, ह्याचा जाब त्याला आजही विचारला जातो आणि विचारलाच पाहिजे. १९३७-३८ च्या हिवाळ्यात तो भारतात आला, सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवासाठी, सांचीचा स्तूप बघून भारावला, कलकत्त्यात आमांशानं दवाखान्यात पडला, आणि परत जाऊन लिहिलं की भारतीय माणूस विचार करत नाही, त्याला विचार दिसतो. थोड्या आठवड्यांच्या प्रवासावर करोडो माणसांबद्दल असं बोलणं म्हणजे साहेबी नजरच. आदिबंध आहेत हे प्रयोगशाळेत दाखवणं पण अवघड, त्यामुळं आजचे बरेच मानसशास्त्रज्ञ त्याला हात राखूनच घेतात. हे सगळं मान्य करून पण गंड, मुखवटा, सावली, प्रक्षेपण ह्या चार कल्पना माणसाशी बोलताना कामाला येतात, म्हणून त्या घ्यायच्या.

दोन बाजारू गोष्टींपासून मात्र त्या वाचवल्या पाहिजेत. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासमध्ये पोरांना चार अक्षरांचा टाईप काढून देतात, तू असा आहेस, तुला हे करिअर. ती चाचणी अमेरिकेतल्या एका मायलेकीनं युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून बनवली आणि युंगनं स्वतः माणसांना असे शिक्के मारणं म्हणजे पोरखेळ आहे असं लिहून ठेवलंय. दुसरी गोष्ट रील्सवरची, सात दिवसात सावलीवर काम करा. एवढी वर्षं दाबलेलं असं सात दिवसात निघत नसतं आणि एकट्यानं उकरलं तर माणूस कोसळू शकतो.

आणि एक आपली जुनी खोड, आमच्याकडं हे सगळं आधीपासून होतंच. नाही, असं नव्हतं. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडातून काम-क्रोधाला विंचू केलं, भुताला, सासुरवाशिणीला, कुणाकुणाला रस्त्यावर उभं करून बोलायला लावलं, दाबलेलं आवाज लावून बाहेर काढायची ती केवढी मोठी जागा होती. पण ते मानसोपचाराचं शास्त्र नव्हतं, अध्यात्म होतं, त्याचा रस्ता वेगळा. दोन्ही एकच आहे म्हणून छाती फुगवण्यापेक्षा आपल्या ह्या जागांचा वापर कसा करायचा ते बघितलं पाहिजे. युंग पण युरोपातल्या लोकांना १९३६ साली हेच सांगत होता, योगाची नक्कल करू नका, तुमच्या मातीतून तुमचा रस्ता काढा. आपण त्याची नक्कल करायची नाही, हा तोच सल्ला उलटून आपल्याला. भारतात मनाच्या तळाचं शास्त्र काही कालपरवा आलेलं नाही, कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच मनोविश्लेषणाची संस्था काढली होती, पण शंभर वर्षं ते इंग्रजी वाचणाऱ्यांच्याच घरात फिरत राहिलं.

लोक म्हणतील दवाखाना नाही तिथं हे कुठं घेऊन बसलात. खरंय, राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, चारपैकी एकही मराठवाड्यात नाही. पण म्हणूनच तर पहिलं ऐकणारं माणूस गावातच लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो प्रचंड तणावात होता असं धरायला सांगितलंय, टेलिमानस ह्या सरकारी मानसिक मदतीच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात. सांगाडा आहे. त्या आशाताईला आज फॉर्म दिलाय, झोप येते का, भूक लागते का, जगावंसं वाटतं का. त्याच्या जोडीला तिला हे शिकवा की बाई अंगात आल्यावर काय बोलली ते मनात ठेव, कुणाचं नाव घेतलं, काय मागितलं, आणि दोन दिवसांनी दुपारी एकटी असताना तिच्याशी बोल, अंगात आलं त्याबद्दल नाही, त्या नावाबद्दल. आणि हे पण पक्कं शिकवा की फेफरं येतंय, दातखीळ बसतेय, पोरगं स्वतःशीच बोलतंय, झोपतच नाही, तर ऐकत बसायचं नाही, सरळ डॉक्टरकडं न्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण सुद्धा देवाच्या कार्यात, रीतीप्रमाणं अंगात येण्याला आजार धरत नाही, नको असताना आणि कुठंही यायला लागलं तरच धरतं. हा फरक करणं आशाताईला जमतं, कारण तिला गाव माहीत आहे.

ऐकत बसलं तर अंधश्रद्धेला खतपाणी मिळंल असं माझे चळवळीतले मित्र म्हणतात. मला नाही पटत. ऐकणं म्हणजे देवी आली हे मानणं नाही. उलट बाईला घरात तोंड उघडता आलं तर तिला देवीच्या तोंडानं बोलायची गरज पडत नाही, आणि मांत्रिकाचं गिऱ्हाईक तिथंच तुटतं. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुवा असा प्रकल्प चालवला, लोक जिथं जातात तिथंच मनाचा डॉक्टर बसवला, मुजावरांनाच सांगितलं की असे असे लोक आले की इकडं पाठवा. आपल्याकडं तुळजापूरला नवरात्रात, येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला, माळेगावच्या खंडोबाला लाखो माणूस येतं आणि आरोग्य खात्याचे तंबू लागतातच, जुलाबाच्या, बीपीच्या गोळ्या घेऊन. त्या प्रत्येक तंबूत एक समुपदेशक बाई बसवा, मराठवाड्याची बोली येणारी, वर सांगितलेलं शिकवून तयार केलेली, आणि पुजाऱ्यांना, आराध्यांना तिचं नाव माहीत असू द्या. छत्रपती संभाजीनगरच्या आणि नांदेडच्या विद्यापीठात मानसशास्त्राचे विद्यार्थी आहेत, त्यांच्या फील्डवर्कची ह्याच्यापेक्षा चांगली जागा मला दिसत नाही. पैसा फार लागत नाही ह्याला, पदं मंजूर करून ती भरायला लागतात.